सांधेदुखी, अफूवर्गीय औषधे आणि रुग्णांच्या मनातील शंका

मिस्सेनंतर चर्चच्या आवारात दोन वयस्कर माणसे भेटली, की प्रकृतीची विचारपूस बहुधा गुडघ्यांपासूनच सुरू होते. या संभाषणांत ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल अशी नावेही कानी पडतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी अफूच्या वर्गातील आहे असे कळताच काही जण ती कपाटात ठेवून देतात. तर काही जण पुन्हा डॉक्टरांकडे न जाता जुनीच चिठ्ठी दाखवून ती घेत राहतात. या दोन्ही वागण्यांमागे रुग्णांचा स्वतःचा असा विचार असतो. तो समजून घेतल्याखेरीज कोणाला उपदेश करणे आम्हास योग्य वाटत नाही.

ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांची झीज. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा विरळ होते, सांधा आखडतो, सुजतो आणि जिना चढताना किंवा गुडघे टेकताना असह्य कळ येते. गेलेली कूर्चा परत आणणारे औषध आजही उपलब्ध नाही. म्हणून उपचाराचा भर वेदना कमी करण्यावर आणि हालचाल टिकवण्यावर असतो. अफूवर्गीय औषधे, म्हणजेच ओपिऑइड, सांध्यावर काम करीत नाहीत. ती मेंदू व मज्जारज्जू यांतील विशिष्ट ग्राहकांना चिकटून वेदनेचा निरोप मंद करतात. कोडीन, ट्रॅमाडॉल, मॉर्फिन ही याच कुळातील नावे होत.

रुग्णांना याविषयी काय वाटते, याचा अभ्यास परदेशांत झालेला आहे. 2006 साली कॅनडातील संशोधकांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या वृद्धांशी सविस्तर बोलून एक लेख प्रसिद्ध केला. रक्तदाबासारख्या विकारांची औषधे नियमाने घेणारी हीच मंडळी वेदनाशामक गोळी मात्र टाळत होती, कमी प्रमाणात घेत होती किंवा अगदीच सहन होईनासे झाले म्हणजे घेत होती, असे त्यात आढळले. हा अनुभव आपल्याकडील वाचकांनाही अनोळखी वाटणार नाही. वय झाले म्हणजे दुखणारच, अशी समजूत असते. गोळीने दुखणे झाकले जाईल आणि सांधा आतून अधिक झिजेल, ही भीती असते. आणि सर्वांत मोठी धास्ती असते ती व्यसनाची. ज्या घराने दारूपायी एखादा माणूस गमावला आहे, तेथे ‘अफू’ हा शब्द उच्चारताच संवाद थांबतो. दुसऱ्या बाजूस, याच गोळीमुळे रात्रीची झोप मिळाली, बाजारात जाता आले, असे सांगणारे रुग्णही असतात, आणि डॉक्टर ती बंद करतील या चिंतेने ते दुष्परिणाम लपवतात.

या भीतीत तथ्य किती? येथे तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. काही काळाने तीच मात्रा अपुरी पडू लागते, ही शरीराची सवय. औषध एकाएकी थांबवल्यास घाम, अस्वस्थता, जुलाब, निद्रानाश होतो, हे शरीराचे अवलंबित्व. आणि हानी दिसत असूनही औषधाची ओढ आवरता न येणे, हे व्यसन. पहिल्या दोन गोष्टी चिठ्ठीप्रमाणे औषध घेणाऱ्या कोणाच्याही बाबतीत घडू शकतात. त्यात पापही नाही, लाजही नाही. मात्र म्हणूनच दीर्घकाळ घेतलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

रुग्णांच्या नाखुशीला आता शास्त्राचाही आधार मिळाला आहे, कारण मात्र वेगळे आहे. अमेरिकेत मिनियापोलिस येथे माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतील 240 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यांना जुनाट पाठदुखी किंवा गुडघ्याची वा खुब्याची झीज होती. बारा महिन्यांनंतर अफूवर्गीय औषधे घेणाऱ्यांची हालचाल इतरांपेक्षा सुधारलेली नव्हती. वेदना तर साधी औषधे घेणाऱ्यांचीच किंचित कमी होती, आणि दुष्परिणाम अफूवर्गीय गटात अधिक होते. ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनीही ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी तीव्र अफूवर्गीय औषधे देऊ नयेत असे सांगितले आहे. वृद्धांमध्ये बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी आणि तोल जाणे हे त्रास विशेष जाणवतात. गुडघेदुखीची गोळी घेऊन रात्री न्हाणीघराकडे जाताना पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, हा सौदा परवडणारा नाही. झोपेच्या गोळ्या किंवा मद्य यांच्या जोडीने तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. भारतात 2018 साली ट्रॅमाडॉलला अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले गेले, ते उगाच नव्हे.

मग उरते काय? मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन घटवणे, काठी, लावावयाचे वेदनाशामक मलम, गरजेनुसार इतर गोळ्या (यांपैकी काहींचा जठर व मूत्रपिंडावर परिणाम होतो, म्हणून त्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच) आणि शेवटी सांधेबदल शस्त्रक्रिया. व्यायाम हा शब्द ऐकून आपल्याकडे हसू येते. परंतु या आजारात तो खरेच औषध आहे.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात आणखी एक शंका असते: वेदना प्रभूला अर्पण करावयाची, तर औषध घेणे हा अश्रद्धपणा नव्हे काय? क्रुसावर खिळण्यापूर्वी येशूने बोळमिश्रित द्राक्षारस नाकारला, याचा दाखलाही दिला जातो. पोप बारावे पायस यांनी 24 फेब्रुवारी 1957 रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात वेदनाशमन अनुज्ञेय असल्याचे स्पष्ट केले. विश्वासाच्या सिद्धांतविषयक पवित्र मंडळाने 1980 साली काढलेल्या घोषणापत्रात म्हटले, की एखादा ख्रिस्ती माणूस स्वेच्छेने औषध मर्यादित ठेवून क्रूसपीडित ख्रिस्ताशी एकरूप होऊ शकतो. परंतु असे वीरव्रत सर्वांवर नियम म्हणून लादणे शहाणपणाचे नाही. ते घोषणापत्र गंभीर आजारी व मरणासन्न व्यक्तींविषयी आहे. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात मॉर्फिनला ‘नको, सवय लागेल’ म्हणणारे नातेवाईक रुग्णावर अन्याय करतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुडघ्यांसाठी नकार देणे आणि त्या खाटेपाशी नकार देणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

एक व्यावहारिक बाब. कम्युनियनपूर्वीचा तासाभराचा उपवास मोडेल म्हणून सकाळची गोळी टाळणारे ज्येष्ठ आजही आढळतात. धर्मविधिसंहितेच्या 919 व्या कलमानुसार पाणी आणि औषध यांनी तो उपवास मोडत नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी तर त्या तासात काही खाल्ले असले, तरी ते ख्रिस्तशरीर स्वीकारू शकतात. गोळी रिकाम्या पोटी चालत नसेल, तर तिच्यासोबत चार घास अवश्य घ्यावेत. आणि प्रतिष्ठापनेच्या वेळी गुडघे टेकणे शक्य नसेल, तर धर्मगुरू गुडघा टेकून वंदन करतात त्या क्षणी आदराने कमरेतून लवून वंदन करावे. आजाऱ्यांना ही मुभा मिस्साविधीच्या नियमांतच दिलेली आहे.