पाच थेंबांमागची टीम

वढू बुद्रुक म्हटलं की छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते ना? पुण्याजवळच्या या गावाची आणखी एक ओळख आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७०च्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. सगळं डॉक्टरवर सोडून चालणार नाही, हे ओळखून त्यांनी गावातल्याच माणसांना शिकवलं, जबाबदारी दिली. १९९३मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वढूत पुढे संशोधन रुजलं. बाळांना जुलाबापासून वाचवणाऱ्या ‘रोटाव्हॅक’ लशीची मोठी चाचणी २०११मध्ये सुरू झाली, ती दिल्ली, वेल्लोर आणि वढू परिसरात. एकूण ६,७९९ बाळं! त्यांच्या आईवडिलांनी समजून-उमजून संमती दिली, कार्यकर्त्यांनी घरोघरच्या नोंदी ठेवल्या. म्हणून तर २०१६पासून ही पाच थेंबांची लस राष्ट्रीय लसीकरणात आली.

नाव एखाद्याचं होतं, पण खोटी नोंद कुणाचीही असो, सगळ्यांची मेहनत पाण्यात घालते. तेव्हा कॉलेजच्या सर्व्हेत कुणी ‘टाक रे काहीतरी भरून’ म्हणालं, तर थांबा. पुन्हा त्या दारावर जा. लीडरशिप तिथूनच सुरू होते.