तंबू नंतर, आधी जागा!

मे महिना सरत आला, की अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. वळवाच्या सरी पडल्या की सादडा, हिरडा, बेहड्याच्या झाडांवर काजवे लखलखू लागतात आणि ते पाहायला मुंबई-पुणे-नाशिककडची मंडळी मुलाबाळांसह येतात. पूर्वी असा पाहुणा नातेवाइकाकडे नाहीतर विश्रामगृहात उतरायचा. हल्ली त्याला तंबूत राहायचं असतं. हौस चांगली आहे. त्यातून डोंगरातल्या माणसाच्या हाताला दोन पैसेही मिळतात. पण मंडळी, तंबू कोणत्या रंगाचा आणि जेवणात काय, हे विचारणारे पुष्कळ असतात. तंबू नेमका कुठे ठोकणार, हे विचारणारा क्वचित भेटतो. खरी गोम तर तिथेच आहे.

आपल्याकडे तळ टाकणं नवं नाही. मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर वाडा बसवतो, ऊसतोडीचा मजूर कोपी घालतो, आषाढीच्या वाटेवर पालख्यांचे तळ पडतात. यातला कोणीही दिसली जागा की बसला, असं करत नाही. पाणी कुठून येईल, वारा कुठून येईल, रात्री जनावर कुठून येईल, हे आधी पाहतो. तुम्हालाही तेच पाहायचं आहे.

पाण्याजवळ, पण पाण्यात नको

भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं. उन्हाळ्याअखेर त्याच्या जलाशयाचं पाणी आत सरतं आणि काठाची बुडीत जमीन उघडी पडते. सपाट, मऊ, समोर पाणी, मागे डोंगर. तंबूला याहून देखणी जागा नाही, असं कोणालाही वाटेल. पण काजव्यांचा हंगाम आणि पहिला पाऊस हातात हात घालून येतात. घाटघर-रतनवाडीचा पट्टा तर जिल्ह्यात सर्वाधिक पावसाचा. वर डोंगरात रात्री झोडपून गेला, तर खाली तुमच्या डोक्यावर थेंब नसतानाही ओढा फुगतो. साम्रदची सांदण दरी म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी घळ. पाऊस लागला, की तिथे मुक्कामाचं नावसुद्धा काढू नये.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात अचानक लोंढा आला आणि एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती तंबूत नव्हती, भर दिवसा पाण्यात उभी होती. जागेपणी ही गत, तर झोपेत काय होईल?

म्हणून काठापासून निदान दोनशे पावलं मागे आणि काठाहून चांगल्या उंचीवर जागा घ्या. झुडपांत अडकलेला पालापाचोळा, काटक्या दिसल्या तर समजा, मागच्या वर्षी पाणी तिथवर आलं होतं. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर तंबू ठोकूच नका. वरून पाणी कधी सुटेल, ते आपल्या हातात नसतं.

जमीन, झाड आणि वारा

काळ्या जमिनीत पावसाने चिखल होतो, खुंट्या धरत नाहीत. मुरमाड माळ बरा, थोडा उतार असलेला. झोपताना डोकं चढाकडे करावं. कड्याच्या अगदी पायथ्याशी नको, दगड येतात. वाळक्या फांदीखाली नको. टेकडीच्या माथ्यावर नको आणि माळावरच्या एकट्या झाडाखाली तर मुळीच नको. वळवाच्या दिवसांत वीज तिथेच पडते. कापडी तंबू विजेपासून राखत नाही. गडगडाट ऐकू आला, की पक्क्या घरात जा. ते नसेल तर पत्र्याच्या टपाच्या गाडीत काचा लावून बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

बिछाना जमिनीवर, मग जपून

आपल्याकडचे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यात मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला डसते. दंश धड कळतही नाही. मग पोट दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात. म्हणून तळाला कापड शिवलेला, साखळी पूर्ण बंद होणारा तंबूच घ्या. नुसतं वर छप्पर आणि खाली सतरंजी चालणार नाही. दगडांचे ढीग, वारूळ, गवताची गंजी यांपासून लांब राहा. दंशाची शंका जरी आली, तरी मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. आता मोबाईलला रेंज असेल तर फोन लागणार ना? तेव्हा जागा ठरवतानाच विचारून घ्या : रेंज कुठे मिळते, सर्पदंशाची लस कोणत्या दवाखान्यात असते आणि रात्री तिथे जायला किती वेळ लागतो. पोरंबाळं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा प्रश्न पहिला.

आणखी एक. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटरमुळे असेच दगावले. ती खोली होती, तंबू तर तिच्याहून कितीतरी लहान.

गाडीतच घर असेल तर

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. राज्य सरकारने २०२१ मध्ये तिच्यासाठी धोरणही आणलं. अशी गाडी नेणाऱ्याने नजाऱ्याआधी रस्ता विचारावा. वळण घेता येईल का, झाडाच्या फांद्या, विजेच्या तारा टपाला लागतील का, जमीन गाडीचं वजन पेलेल का? पावसात रुतलेली मोठी गाडी काढायला गावातला ट्रॅक्टरही कधी कधी अपुरा पडतो. वीज घ्यायची तर अर्थिंग असलेला जाड पिनांचा सॉकेट हवा. संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, तेही आधीच ठरवा. ती ओढ्यात सोडलीत, तर खालच्या वाडीची माणसं तेच पाणी पितात, एवढं ध्यानात ठेवा.

जागा कोणाची?

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. वनखात्याची परवानगी आहे का, जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर आहे, हे विचारण्यात कसला आलाय संकोच? पावती मागा. रात्री राखणीला गावातला माणूस असेल का, संडास आहे का, बायाबापड्यांना अंधारात किती लांब जावं लागेल, हे फोनवरच विचारा. उत्तरं टाळणाऱ्याकडे जाऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

आणि तंबू लावून देणाऱ्या गावकरी बांधवांनो, तुम्हालाही सांगणं आहे. मागणी आहे म्हणून काठाशी आणखी चार तंबू दाटू नका. पाहुणा हट्ट करील, फोटो चांगला येतो म्हणेल. तरी नाही म्हणा. वरची जागा दाखवा आणि कारण सांगा. एक दुर्घटना झाली, की बंदीचा हुकूम निघतो आणि सगळ्या वाडीचा हंगाम बुडतो. कर्णे बंद ठेवा, झगझगीत दिवे विझवा. उजेडात काजव्यांची जोडी जमत नाही. ती जमली नाही तर पुढच्या वर्षी काजवे कमी, आणि काजवे कमी झाले तर तुमच्याकडे येणार कोण?

वाचकहो, शक्यतो उजेडीच पोहोचा. सामान उतरवण्याआधी तंबूभोवती एक फेरी मारा आणि पाणी वाढलं तर कोणत्या वाटेने वर जायचं, ते घरातल्या सगळ्यांना, पोरांनासुद्धा, दाखवून ठेवा. जागा मनाला पटली नाही, तर आगाऊ दिलेल्या पैशांचा मोह न धरता सरळ दुसरीकडे चला.