पांढरं दिसलं म्हणजे भुरीच?

ऑक्टोबर छाटणी झाली, फुटी निघाल्या की नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत एकच प्रश्न फिरतो: कोणतं औषध मारू? रोग कोणता, हे ठरवायचं मात्र राहून जातं.

पानावर पांढरं दिसलं की भुरी, हा सर्रास समज. भुरीची राखेसारखी पावडर पानाच्या वरच्या बाजूलाही दिसते, बोटानं पुसली जाते. डाऊनीत, म्हणजे केवड्यात, वर पिवळसर तेलकट डाग असतो आणि पांढरी लव बरोबर त्याच्या खालच्या बाजूला. पान उलटून न बघणाऱ्याची फसगत होते, आणि ती महागात पडते. भुरीवर चालणारं गंधक केवड्याला अडवत नाही.

पावसानं दोन्ही वाढतात, हेही अर्धंच खरं. केवड्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. (तसा हा जीव खरी बुरशीच नाही; त्याचं नातं शैवालांशी जवळचं.) पर्णरंध्रं पानाच्या खालच्या बाजूला, म्हणून फवाराही तिथं पोचायला हवा. भुरीला पाण्याचा थर लागतच नाही. दमट, ढगाळ हवा आणि दाट पानोळा मिळाला की झालं. पाऊस गेला म्हणून निर्धास्त झालेल्या बागेत ती घडांवर चढते ती यामुळेच.

बोर्डो मिश्रण मारलं की रोग बरा होतो, असं मानणारेही पुष्कळ. फ्रान्समध्ये रस्त्याकडेची द्राक्षं कुणी तोडू नयेत म्हणून बागाईतदार वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेली केवड्यातून वाचल्याचं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं हेरलं आणि 1885 मध्ये कृती जाहीर केली. म्हणजे चोरांसाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला! पण तांबं पानाच्या पृष्ठभागावर पहारा देतं. आत शिरलेल्याला ते गाठू शकत नाही. एक टक्क्याच्या मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघावा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, तसंच फवारलं तर कोवळी पानं भाजतील. मिश्रण त्याच दिवशी संपवावं.

राहिला डोस वाढवण्याचा मोह. मेटॅलॅक्झिलसारखं आंतरप्रवाही औषध पुन्हा पुन्हा मारलं की त्याला दाद न देणारा केवडाच बागेत उरतो. मग दुप्पट डोसानं रोग हटत नाही, मण्यांत अंश मात्र राहतात. त्यापेक्षा औषधाचा गट बदलावा आणि फुटींची विरळणी वेळेत उरकावी. मजुरी जाते, पण पानोळ्यात वारा खेळतो आणि पानं लवकर सुकतात.