वाहता रस्ता (लेखांक ७) : दोन गाड्यांमधली जागा

मागच्या आठवड्यात आपण चौकातल्या सिग्नलचे गणित पाहिले. सिग्नल लाल झाला की गाड्या थांबतात, हे समजायला अवघड नाही. आजचा प्रश्न वेगळा आहे. ज्या रस्त्यावर सिग्नल नाही, चौक नाही, कुणी आडवे येत नाही, त्या रस्त्यावर हजारो गाड्या रोज ठरल्या वेळी का तुंबतात? याचे उत्तर शोधायला लॉस एंजेलिससारखे शहर नाही. पॅसाडेनाहून शहराच्या मध्यभागी येणारा तिथला पहिला फ्रीवे, अरोयो सेको पार्कवे, ३० डिसेंबर १९४० रोजी खुला झाला. फ्रीवे बांधण्याचा आणि फ्रीवेवर अडकण्याचा, असा दोन्ही प्रकारचा ऐंशीहून अधिक वर्षांचा अनुभव या शहराच्या गाठी आहे.

तिथला ४०५ क्रमांकाचा फ्रीवे सेपुलवेडा खिंडीतून जातो. खिंडीच्या उत्तरेला सॅन फर्नांडो व्हॅलीतली वस्ती, दक्षिणेला वेस्टसाइडची ऑफिसे आणि मध्ये डोंगर. एकापेक्षा जास्त माणसे बसलेल्या गाड्यांसाठी उत्तरेकडे जाणारी एक जादा लेन इथे बांधायची ठरली. लांबी सुमारे सोळा किलोमीटर, खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर. जुलै २०११ मध्ये मलहॉलंड ड्राइव्हच्या पुलाचा भाग पाडण्यासाठी शनिवार-रविवार रस्ता बंद ठेवला, तेव्हा सारे शहर ठप्प होणार अशी भीती पसरली होती. प्रत्यक्षात लोक घरीच राहिले आणि आजूबाजूचे रस्ते नेहमीपेक्षा मोकळे दिसले. २०१४ मध्ये नवी लेन सुरू झाली. गर्दीच्या वेळी लागणारा वेळ मात्र जवळजवळ पूर्वीइतकाच राहिला.

रस्ता बंद केला तेव्हा गर्दी गेली, वाढवला तेव्हा गेली नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच हे सांगून ठेवले होते. गर्दी टाळण्यासाठी कुणी पहाटे निघत असतो, कुणी लांबच्या रस्त्याने जात असतो, कुणी बस धरत असतो. रस्ता रुंद झाला की ही सगळी मंडळी सोयीच्या वेळेला, सोयीच्या रस्त्यावर परत येतात. पुढे २०११ मध्ये जिल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकेतल्या अनेक शहरांची आकडेवारी तपासली. त्यांना असे आढळले की महामार्गाच्या लेनची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात त्यांच्यावरचा प्रवासही वाढतो. याचा विचार पुढच्या लेखात सविस्तर करू. कोंडीचे दुसरे कारण स्टिअरिंगमागे बसलेले असते, आणि ते बदलायला शंभर कोटी डॉलर लागत नाहीत. म्हणून आज त्याकडे वळू.

एका लेनमधून तासाला किती गाड्या जाऊ शकतात? तासाचे सेकंद ३६००. पुढची गाडी गेल्यावर तिच्या मागची दोन सेकंदांनी त्याच जागी येत असेल, तर तासाला १८०० गाड्या जातील. हेच अंतर दीड सेकंदावर आणले तर २४००. चांगल्या फ्रीवेची एक लेन जास्तीत जास्त देते ते साधारण इतकेच. याचा अर्थ असा की लेनची क्षमता मुख्यतः चालकांनी मध्ये किती जागा सोडली यावर ठरते, आणि ती जागा जो तो आपल्या स्वभावाने, सवयीने आणि घाईने ठरवतो.

दीड सेकंदावर रस्ता भरलेला असतो तेव्हा चूक पोटात घ्यायला कुठेच जागा उरत नाही. पुढच्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला. मागच्याला ते कळायला सेकंद-सव्वा सेकंद गेला, तेवढ्यात अंतर घटले, म्हणून त्याने जरा जोरात ब्रेक लावला. त्याच्या मागच्याने आणखी जोरात. पहिल्याने वेग थोडासाच कमी केलेला असतो. पण त्याच्यामागे दहा-वीस गाड्यांवर कुणीतरी पूर्ण थांबलेला असतो. ही थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेने, ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने मागे सरकत जाते. आपण तिच्यात शिरतो, रखडतो, पुढे अपघात झाला असेल असे समजतो, आणि बाहेर पडल्यावर तिथे काहीच नसते. ज्याच्या पायापासून हे सुरू झाले तो कधीच घरी पोहोचलेला असतो.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. युकी सुगियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी २३० मीटर घेराच्या वर्तुळावर २२ गाड्या चालवल्या आणि २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालकांना ताशी तीस किलोमीटरच्या आसपास, पुढच्या गाडीमागे सुरक्षित चालत राहायला सांगितले होते. वर्तुळाला येऊन मिळणारा रस्ता नव्हता, खड्डा नव्हता, अरुंद पूल नव्हता. थोडा वेळ सगळे सुरळीत चालले. मग वेगात बारीक फरक पडू लागले, ते वाढत गेले आणि काही गाड्या चक्क थांबल्या. तिथे बेशिस्त कुणीही नव्हते. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की शिस्तीच्या माणसांचीही कोंडी होते, ही या प्रयोगाची सर्वांत मोठी शिकवण आहे.

कोंडी एकदा झाली की तिचे नुकसान दुहेरी असते. थांबलेल्या रांगेतून बाहेर पडताना प्रत्येकजण पुढची गाडी हलल्याची खात्री करून मगच निघतो. त्यामुळे रांगेतून बाहेर पडणारा ओघ कोंडीपूर्वीच्या ओघापेक्षा कमी भरतो. ही घट साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. रस्त्याची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच वेळी रस्ता कमी देऊ लागतो.

मग चालकाचालकांतला फरक कुठे येतो? जून २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएस-१०१ फ्रीवेवर, शेजारच्या उंच इमारतीवरून आठ कॅमेऱ्यांनी सुमारे ६४० मीटरच्या पट्ट्याचे सकाळचे चित्रण केले. त्यातून प्रत्येक गाडी दर दशांश सेकंदाला कुठे होती याची नोंद तयार झाली. होर्गे लावाल आणि ल्युडोविक लक्लेर्क यांनी अशा नोंदी अभ्यासल्या. लाटेला सामोरे जाताना काही चालक नेहमीपेक्षा जास्त अंतर सोडतात, त्यांना त्यांनी भित्रे म्हटले. काही नेहमीपेक्षा कमी सोडतात, ते आक्रमक. आपली समजूत अशी की सगळा गोंधळ आक्रमक चालक घालतात. पण रस्ता मोकळा झाल्यावरही रेंगाळणारा चालक मागच्यांचा वेग मोडतो, आणि बंपरला चिकटून येणारा पुढच्याच्या प्रत्येक हालचालीला ब्रेकने उत्तर देतो. एकाच लेनमध्ये हे दोघे एकामागे एक आले, की दोघांच्या सवयींतल्या तफावतीतून थांब-चाल सुरू होते. सगळे एकाच पद्धतीने, थोड्या मोकळ्या अंतराने चालले असते तर तोच रस्ता जास्त वेळ वाहता राहिला असता.

सर्वांत घातक सवय लेन बदलत राहण्याची. रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी १९९९ मध्ये दाखवले की शेजारची लेन आपल्याइतक्याच सरासरी वेगाने चालत असली तरी ती जास्त पळते आहे असे वाटते. आपण ओलांडतो त्या गाड्या दाटीवाटीने उभ्या असतात, म्हणून त्या क्षणात मागे पडतात. आपल्याला ओलांडणाऱ्या गाड्या विरळ असतात, त्या बराच वेळ डोळ्यांसमोरून जात राहतात. या भासाला भुलून माणूस लेन बदलतो, तिथल्या मागच्याला ब्रेक लावायला भाग पाडतो आणि सोडलेल्या लेनमध्ये एक पोकळी ठेवून जातो. दोन लेन बिघडतात, फायदा शून्य.

रॅम्पवरून आत येणाऱ्या गाड्यांचेही तसेच. दहा-बारा गाड्या एकदम घुसल्या की उजवी लेन ढासळते. म्हणून रॅम्पच्या तोंडाशी छोटे सिग्नल असतात. हिरव्या दिव्याला एक-दोन गाड्या सुटतात. मिनेसोटात लोकांना हे थांबणे इतके खटकले की विधिमंडळाच्या आदेशाने २००० साली मिनिआपोलिस-सेंट पॉल भागातले सुमारे ४३० सिग्नल काही आठवडे बंद ठेवून पाहिले. प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला, फ्रीवेवरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या, अपघात २६ टक्क्यांनी वाढले. रॅम्पवर थांबलेला माणूस आपला वेळ वाया गेला असे समजत होता. त्याच्या त्या थांबण्यावर सगळ्यांचा रस्ता चालत होता.

दोन लेनची एक होते तिथे आणखी एक गैरसमज दिसतो. पुष्कळ जण फार आधीच रांगेत शिरतात आणि मोकळ्या लेनने शेवटपर्यंत येणाऱ्याला लबाड समजून आत घेत नाहीत. जर्मनीत उलट आहे : दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरायच्या आणि तोंडाशी एक इकडची, एक तिकडची असे आत घ्यायचे, हा कायदाच आहे. मला तोच न्याय योग्य वाटतो. रांग लांबत नाही आणि कुणाला घुसावे लागत नाही.

आपल्याकडे हे सगळे जसेच्या तसे लागू होत नाही. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर बस, रिक्षा, मोटारसायकल आणि टेम्पो एकाच ओघात असतात. लेन रंगवलेली असते, पाळली जात नाही. म्हणूनच भारतीय रस्त्यांच्या क्षमतेसाठी केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१७ मध्ये स्वतंत्र नियमपुस्तिका काढली. भारतातल्या आणि जर्मनीतल्या लोकांना सारख्याच मार्गिकेतून पायी चालवून पाहिलेला २००९ चा एक अभ्यास आहे. गर्दी वाढली तरी भारतीयांचा वेग जर्मनांइतका कमी झाला नाही. आपण अंगाला अंग लावून, आडवेतिडवे का होईना, पुढे सरकत राहतो. दादर स्टेशनच्या पादचारी पुलावर हे कसब कामाला येते. पण ते चालणाऱ्या पायांचे कसब आहे. ताशी ऐंशीच्या वेगाने तितकेच चिकटून गाडी चालवली की त्याची किंमत ब्रेकने, कधी जिवाने द्यावी लागते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या चढाला सुट्टीच्या दिवशी जे होते त्यात चढाचाही वाटा आहे. उतार संपून चढ लागतो तिथे चालकाला न कळत वेग उतरतो. जपानच्या द्रुतगती मार्गांवर तर निम्म्याहून अधिक कोंडी अशाच जागी होते. तिथे रस्त्याच्या कडेने धावत जाणारे दिवे लावून चालकांना वेग सावरायची आठवण दिली जाते. आपल्या घाटात भर पडते ती तिन्ही लेनमध्ये पसरलेल्या ट्रकची आणि त्यांना डावी-उजवीकडून कट मारणाऱ्या मोटारींची.

तेव्हा पुढच्या वेळी घाट चढताना चढ लागला की वेग सांभाळा, डावीकडची लेन पळताना दिसली तरी आपली सोडू नका, आणि पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांची जागा ठेवा. त्या जागेत कुणी शिरेल, शिरू द्या. तुम्ही जागा सोडलीत म्हणून मागच्या कितीतरी गाड्यांना ब्रेक लावावा लागणार नाही. पुढच्या आठवड्यात : स्टॉकहोमने २००६ मध्ये गर्दीच्या वेळी शहरात शिरण्यावर शुल्क लावून पाहिले, त्याची हकिकत.