दोन मिनिटांचं स्केच आपल्याला का आवडतं?

स्टेशनच्या बाकावर पेंगलेला माणूस. कुणीतरी पेन्सिलने दोन मिनिटांत त्याचं स्केच केलंय. डोळे नाहीत, बोटं नाहीत. कलंडलेली मान आणि पाठीची एक रेष. तरी बघताक्षणी वाटतं, हा दमलाय! त्याच माणसाचं दोन दिवस बसून केलेलं चित्र कधीकधी एवढं जिवंत वाटत नाही. असं का?

एक उत्तर चित्रकाराच्या बाजूचं आहे. वेळ कमी असला की तपशील सुटतात, मग शरीराचा कल आणि तोल आधी पकडावा लागतो. किमॉन निकोलाइडिस यांच्या १९४१ च्या पुस्तकात याला ‘जेश्चर’ म्हटलंय. शरीर कसं दिसतं यापेक्षा ते काय करतंय, यावर त्यांचा भर होता.

दुसरं उत्तर आपल्या, म्हणजे बघणाऱ्यांच्या बाजूचं. गॉम्ब्रिख यांनी ‘आर्ट अँड इल्यूजन’मध्ये (१९६०) बघणाऱ्याच्या वाट्याबद्दल लिहिलंय. चित्रात जे सुटलेलं असतं, ते आपण मनाने भरतो.

इथपर्यंत ठीक. पुढे मी घसरलो. गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये अंधारात फक्त सांध्यांवरचे प्रकाशठिपके दाखवले. ठिपके हलले की लगेच चालणारा माणूस दिसतो. मी खुशीत लिहून टाकलं, ‘म्हणूनच थोड्या रेषांचं स्केच आवडतं.’ गाइडनी एवढंच विचारलं, “ठिपके थांबले की काय दिसतं?”

थांबले की बहुधा नुसते ठिपकेच दिसतात. आणि स्केच तर स्थिर असतं! शिवाय माणूस ‘ओळखू येणं’ वेगळं आणि चित्र ‘आवडणं’ वेगळं. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

मग हे तपासायचं कसं? झटपट स्केच आणि पूर्ण चित्र शेजारी ठेवून ‘कुठलं आवडलं?’ असं विचारलं, तर गडबड होते. कारण दोन्हींत वेळही वेगळा आणि रेषांची संख्याही वेगळी. त्यामुळे तिसरं चित्र हवं: रेषा तेवढ्याच मोजक्या, पण सावकाश काढलेल्या. ते झटपट स्केचइतकंच आवडलं, तर जादू बहुधा वेगाची नाही, मोजकेपणाची.

तुमच्या विषयातही असं तिसरं चित्र शोधा. प्रपोजल लिहिण्याआधी शोधलंत, तर माझ्यासारखं प्रकरण पुन्हा लिहावं लागणार नाही.