मनाचें दुखणें आणि मेंदूचें चित्र

शेताच्या बांधावरून पाय घसरून एखाद्याचा हात मोडला, तर आपल्या नेसरीचे लोक त्यास गडहिंग्लजास नेतात. डॉक्टर हाताचा फोटो काढतात, आणि हाड दुभंगलेलें सर्वांस स्पष्ट दिसतें. मग त्या मनुष्याच्या दुखण्याविषयीं कोणी शंका घेत नाहीं. परंतु एखाद्या घरांतील सून किंवा शिकता मुलगा महिनेच्या महिने झोंपत नाहीं, जेवणाकडे पाहत नाहीं, सकाळीं अंथरुणांतून उठणेंही त्यास डोंगर चढण्याएवढें जड जातें, तेव्हां काय होतें? प्रथम देवऋषी होतो, अंगारा होतो. पुढें कोणी सुचवितो म्हणून कोल्हापुरास अथवा बेळगांवास नेऊन डोक्याचा स्कॅन काढतात. मेंदूंत कांहीं दोष नाहीं, असा अहवाल येतो; आणि घरचीं माणसें म्हणतात, “पाहिलेंत? कांहींच नाहीं. सारें सोंग आहे!”

हें वाक्य घातक आहे, आणि तें शास्त्राच्या नांवावर उच्चारलें जातें म्हणून अधिकच घातक आहे. मेंदूचें चित्र काय सांगूं शकतें व काय सांगूं शकत नाहीं, हें आपण विद्यार्थ्यांनीं तरी नीट समजून घेतलें पाहिजे.

प्रथम रोग कोणता तें पाहूं. परीक्षेंत अपयश आलें, घरांत कोणी वारलें, तर मन खिन्न होतें. तो रोग नव्हे, तो मनुष्यस्वभाव होय. परंतु ही खिन्नता, अथवा कशांतच गोडी न वाटणें, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर टिकलें. त्याबरोबर झोंप, भूक, शक्ति व एकाग्रता हीं बिघडलीं. आपण कुचकामाचे आहों असें वाटूं लागलें, किंवा जगणेंच नकोसें झालें. तर ह्या अवस्थेस डॉक्टर डिप्रेशन म्हणजे नैराश्यविकार म्हणतात. बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेच्या पुढारपणाखालीं २०१५-१६ सालीं बारा राज्यांत एक पाहणी झाली. तींत प्रौढ लोकांपैकीं शेंकडा दहांहून कांहीं अधिक जणांस त्या वेळीं कोणता ना कोणता मनोविकार असल्याचें आढळलें. तेव्हां ही विरळा गोष्ट नव्हे.

आतां चित्राकडे वळूं. १८९५ सालीं राँटजेन ह्यानें क्ष-किरण शोधून काढले. पण त्यांच्या साध्या चित्रांत कवटी दिसते. आंतील मऊ मेंदू दिसत नाहीं. जर्मनींतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर ह्यानें १९२४ सालीं डोक्यास तारा जोडून मनुष्याच्या मेंदूच्या विद्युल्लहरी टिपल्या. मनाचा व्यापार कसा चालतो हें त्यास पाहावयाचें होतें. परंतु त्याच्या युक्तीचा मोठा उपयोग झाला तो फेंफऱ्याच्या निदानास. १९७१ सालीं लंडन येथें गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्याच्या यंत्रानें क्ष-किरण अनेक दिशांनीं सोडून व संगणकानें हिशेब करून, जिवंत मनुष्याच्या मेंदूचा जणूं काय आडवा काप डोळ्यांपुढें आणला. हाच सी. टी. स्कॅन. पांचच वर्षांनीं इंग्लंडांतील डॉक्टरांनीं स्किझोफ्रेनियानें दीर्घकाळ पीडलेल्या रुग्णांचे मेंदू ह्या यंत्रानें तपासले. मेंदूच्या आंत पाण्यासारख्या द्रवानें भरलेल्या पोकळ्या असतात. त्या ह्या रुग्णांत सरासरीनें मोठ्या आढळल्या. मनाचे रोग केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत, ह्याचें तें एक ठळक प्रमाण ठरलें.

त्यापुढची पायरी एम्. आर्. आय्. ही होय. ह्यांत क्ष-किरण नसतात. रुग्णास एका प्रचंड लोहचुंबकाच्या पोकळींत निजवितात. पृथ्वीच्या चुंबकशक्तीहून हें चुंबक हजारों पट बलवान् असतें. आपल्या शरीरांतील पाण्यांत हायड्रोजनचे अणू आहेत. रेडिओलहरींचा धक्का देतांच त्यांच्या गर्भांतून बारीक संदेश निघतात, व त्यांवरून संगणक चित्र रचतो. १९९० सालीं सेजी ओगावा ह्या जपानी शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, रक्तांत प्राणवायू किती आहे त्याप्रमाणें हा संदेश बदलतो. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे ताजें रक्त अधिक धांवतें. म्हणून मेंदूची रचनाच नव्हे, तर त्याचें काम चालूं असतांही कांहीं अंशीं पाहतां येऊं लागलें.

हें ‘कांहीं अंशीं’ विसरूं नये. टेकडीवर उभें राहून खालच्या शिवाराकडे पाहिलें, तर कोणत्या पाटाला पाणी सुटलें आहे तें दिसतें, व त्यावरून कोणत्या उसाला पाणी चाललें आहे हें कळतें. पण पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याच्या मनांत कर्जाची काळजी आहे कीं मुलीच्या लग्नाचा आनंद आहे, हें पाटाकडे पाहून कधींच कळणार नाहीं. रक्ताचा ओघही तसाच. शिवाय तो मेंदूच्या कामामागून कांहीं सेकंदांनीं वाढतो.

असें असलें तरी ह्या विद्येनें बरेंच हातीं लागलें आहे. मेंदूच्या पुढील बाजूस खोल, मध्यरेषेजवळ, पंचवीस क्रमांकाचा एक लहानसा भाग आहे. हेलन मेबर्ग ह्या विदुषीनें १९९९ सालीं दाखविलें कीं, निरोगी मनुष्य दुःखद आठवण काढतो तेव्हां हा भाग अधिक काम करतो, आणि नैराश्याचा रुग्ण बरा झाला म्हणजे त्याचें काम मंदावतें. २००५ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें, कोणत्याच उपायास न जुमानणाऱ्या सहा रुग्णांच्या मेंदूंत ह्या ठिकाणाजवळ बारीक तार बसवून विजेचा सौम्य प्रवाह दिला. चौघांस चांगला गुण आला. पुढें अधिक रुग्णांवर केलेल्या कसोटींत मात्र खरा प्रवाह व लटका उपचार ह्यांत अपेक्षित फरक दिसला नाहीं. शास्त्र असें दोन पावलें पुढें व एक पाऊल मागें चालतें.

२०१६ सालचें दुसरें एक संशोधन तर आपल्या प्रश्नाचें उत्तरच देतें. अनेक देशांतील सुमारें १,७०० रुग्ण व ७,००० निरोगी माणसें ह्यांचे मेंदू ताडून पाहिले. स्मरणाशीं निगडित असा हिप्पोकॅम्पस नांवाचा भाग रुग्णांत लहान आढळला, पण किती? सरासरीनें शेंकडा एकाहून किंचित् अधिक! आठवी व नववीच्या मुलांच्या सरासरी उंचींत फरक असतोच. परंतु केवळ उंची पाहून हा मुलगा कोणत्या वर्गांतला हें सांगूं गेल्यास आपण पदोपदीं चुकूं. तसेंच हें आहे. हजारों चित्रें एकत्र केलीं म्हणजे फरक दिसतो. एका माणसाचें एक चित्र पाहून त्यास नैराश्य आहे कीं नाहीं, हें आजही ठरवितां येत नाहीं.

मग डॉक्टर स्कॅन कां काढवितात? मेंदूंत गांठ, रक्तस्राव किंवा दुसरा कांहीं विकार असूनही स्वभाव पालटतो. तो नाहीं ना, ह्याची खात्री करण्यासाठीं. अहवाल निर्दोष आला म्हणजे एवढेंच समजावें कीं, तें दुसरें संकट दिसत नाहीं. दुःख नाहीं, असा त्याचा अर्थ मुळींच नव्हे.

चित्राहून अधिक वाचण्याचा मोह न्यायमंदिरांतही होतो. २००८ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयांत एका खुनाच्या खटल्यांत मेंदूच्या विद्युल्लहरींची चांचणी पुराव्यादाखल आली व निकालांत तिचा आधार घेण्यांत आला. पुढें २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें, अशी चांचणी कोणावरही त्याच्या संमतीवांचून लादतां येणार नाहीं, असा निर्णय दिला.

नैराश्याचें निदान अजूनही जुन्याच साधनानें होतें, तें म्हणजे रुग्णाचें म्हणणें सावकाश ऐकून घेणें. औषधें व समुपदेशन ह्यांनीं पुष्कळ रुग्ण बरे होतात, व त्यासाठीं आधीं चित्राचा दाखला लागत नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असे उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं रुग्णास मारहाण करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर कोणासही विनामूल्य बोलतां येतें.

म्हणून, विद्यार्थिबंधुभगिनींनो, आपल्या घरांत किंवा वर्गांत कोणी दिवसेंदिवस अबोल होत चालला असेल, तर यंत्राच्या साक्षीची वाट पाहत बसूं नका. त्याच्याजवळ बसा, त्याचें ऐका, वडील माणसांस सांगा व त्यास डॉक्टरांकडे नेण्याची खटपट करा. आणि कोणी अहवाल पुढें करून “कांहीं नाहीं” म्हणूं लागला, तर त्यास नम्रपणें सांगा कीं, यंत्रास दिसलें नाहीं म्हणून दुखणें खोटें ठरत नाहीं.