पुनर्वसन-यंत्रमानवशास्त्रातील संशोधक विद्यार्थी : निवड आणि निर्वाहवेतनाची मुदत

अर्धांगवायू किंवा मज्जारज्जूची इजा यांमुळे गमावलेल्या हालचाली रुग्णास पुन्हा साध्य व्हाव्यात म्हणून यंत्रांचे साहाय्य घेणारी जी शाखा गेल्या काही दशकांत उदयास आली, तिला पुनर्वसन-यंत्रमानवशास्त्र म्हणता येईल. येथे ‘यंत्रमानव’ या शब्दाने मनुष्याकृती पुतळा अभिप्रेत नाही; रुग्णाचा हात वा पाय धरून त्याच्या हालचालीस मोजूनमापून साहाय्य किंवा विरोध करणारी यंत्रणा अभिप्रेत आहे. या शाखेतील प्रयोगशाळांचे पुष्कळसे काम पीएच.डी.चे विद्यार्थी करीत असतात. त्यांची निवड कोणत्या कसोटीवर व्हावी आणि त्यांच्या निर्वाहाचा भार कोणी व किती काळ उचलावा, हे दोन प्रश्न वरवर प्रशासकीय वाटतात; परंतु कोणते संशोधन घडू शकेल हे बऱ्याच अंशी त्यांच्या उत्तरांवरच अवलंबून असते.

या शाखेचा प्रारंभ यांत्रिकीच्या अंगाने झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील नेव्हिल होगन यांनी १९८५ साली ‘इंपीडन्स नियंत्रणा’चा सिद्धान्त मांडला. यंत्राने ठरावीक मार्ग हट्टाने न आक्रमता, समोरून येणाऱ्या बळास स्प्रिंगप्रमाणे मृदू प्रतिसाद द्यावा, हे त्याचे सार होय. दुबळा हात धरणाऱ्या यंत्रास हा गुण अत्यावश्यक असतो. याच तत्त्वावर होगन, हर्मानो क्रेब्स आणि त्यांचे सहकारी यांनी ‘एमआयटी-मॅनस’ हा यांत्रिक बाहू सिद्ध केला आणि १९९७ साली २० रुग्णांवरील प्रयोगाचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा काळात प्रयोगशाळेस नियंत्रणशास्त्र आणि यंत्ररचना यांत निपुण असलेला विद्यार्थी हवा असणे स्वाभाविकच होते.

पुढील मोठ्या चाचण्यांनी हे चित्र पालटले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२७ रुग्ण होते. बारा आठवड्यांनंतर यंत्रोपचार घेतलेल्यांची प्रगती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय ठरली नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॅटल्स’ चाचणीतही नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या कार्यक्षमतेत सुधारणा आढळली नाही. यावरून यंत्रे निरुपयोगी ठरतात असे नव्हे. यंत्र मदत करू लागले की रुग्ण स्वतःचा प्रयत्न नकळत कमी करतो, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. तेव्हा यंत्राने कधी साहाय्य करावे, कधी थांबावे आणि त्यातून मेंदू काय शिकतो, हा आजचा कळीचा प्रश्न आहे. तो निव्वळ यांत्रिकीचा नाही. त्यास शरीरक्रियाविज्ञान, संख्याशास्त्र आणि रुग्णाशेजारी तासन् तास बसण्याची तयारी यांची जोड लागते.

आता द्रव्यसाहाय्याकडे वळू. त्याचे तीन प्रकार संभवतात. अमेरिकेत प्राध्यापकास मिळालेल्या अनुदानातून विद्यार्थ्यास संशोधन-साहाय्यक म्हणून वेतन मिळणे रूढ आहे. त्यामुळे त्याचा विषय अनुदानाच्या उद्दिष्टांशी बांधला जातो. नेदरलँड्समध्ये संशोधक विद्यार्थी सामान्यतः चार वर्षांच्या कराराने नेमलेला विद्यापीठाचा कर्मचारी असतो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या नावावर असते. २०२३ सालच्या जानेवारीपासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढील तीन वर्षे ४२,००० रुपये ठरविण्यात आली. याखेरीज प्रकल्पावर नेमलेले विद्यार्थीही असतात. त्यांचे वेतन प्रकल्पाबरोबर संपते आणि प्रकल्प पुष्कळदा तीनच वर्षांचा असतो.

खरी अडचण येथेच उद्भवते. आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे मिळतात. उलटपक्षी, ‘रॅटल्स’मध्ये केवळ रुग्ण दाखल करून घेण्यासच २०१४ ते २०१८ अशी चार वर्षे लागली. यंत्राची बांधणी, नैतिकता समितीची संमती, चाचणीची नोंदणी आणि रुग्णांची जमवाजमव हे सर्व एकाच विद्यार्थ्याच्या माथी मारल्यास वेतन संपते, पण प्रबंध संपत नाही. अशा वेळी ज्याच्या घरी आर्थिक पाठबळ आहे तोच टिकतो आणि गुणी परंतु निर्धन विद्यार्थी नोकरीच्या शोधात निघून जातो. ही हानी त्या विद्यार्थ्यापुरती मर्यादित राहत नाही. अर्धवट राहिलेली मोजमापे पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत आणि ज्या रुग्णांनी त्यासाठी श्रम घेतले त्यांचे श्रमही वाया जातात.

यास्तव विद्यार्थी निवडण्यापूर्वी प्रयोगशाळेने वेतनाच्या मुदतीत बसेल असा प्रश्न निवडणे अगत्याचे आहे. बांधून तयार असलेल्या यंत्रावर थोड्या रुग्णांत साहाय्याच्या एकाच नियमाची परीक्षा करणे हा पीएच.डी.चा योग्य विषय होय. त्या यंत्राची उपयुक्तता सिद्ध करणे हे अनेक केंद्रांचे काम आहे. रुग्णालयाशी संबंध आधीच जुळलेला असल्यास विद्यार्थ्याची पुष्कळ वर्षे वाचतात. मद्रासची भारतीय तंत्रशास्त्र संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था यांचा संयुक्त पीएच.डी. अभ्यासक्रम हे याचे उदाहरण होय. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून कार्य करणारी अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी विभागांस असा सहयोग दुर्लभ नसावा.

निवडीच्या वेळी गुणपत्रिकेबरोबर आणखी काही गोष्टी पाहाव्यात. उमेदवाराने एखादे मोजमाप स्वतः घेऊन त्यातील त्रुटी ओळखली आहे काय? भौतिकोपचारतज्ज्ञाची भाषा ऐकून घेण्याची त्याची तयारी आहे काय? प्रतिकूल निष्कर्षही निष्कर्षच असतो, हे त्यास मान्य आहे काय? उलट उमेदवारासही काही विचारण्याचा अधिकार आहे : वेतन कोठून येते, ते कोणत्या महिन्यापर्यंत निश्चित आहे, ते थांबल्यास कोणती व्यवस्था आहे, आणि नैतिकता समितीची संमती मिळाली आहे की मिळवावयाची आहे. या प्रश्नांची उत्तरे प्रवेशापूर्वी लेखी देण्याचा प्रघात विभागांनी पाडल्यास विद्यार्थी, मार्गदर्शक आणि रुग्ण या तिघांचेही हित साधेल.